डॉक्टरांचा ट्रक आणि काकूंचा काटा

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ट्रक घेतला, पाहिलास का?" काकूंनी थेट विषयालाच हात घातला.

डॅलसच्या उत्तरेला, आमच्या या वसाहतीत, दोन परसांच्या मध्ये सहा फुटी लाकडी कुंपण असतं. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये इतकी त्याची उंची. पण वसंतातल्या एका वादळात आमच्या कुंपणाची फळी निखळली, दोन्ही घरच्या पुरुषांनी ती बसवायला टाळाटाळ केली आणि ते आम्हा दोघींच्या पथ्यावर पडलं. काकू मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, मालट्रक होते. हंगामात कारखान्याचा ऊस, एरवी शाहूपुरीतला गूळ. लग्न होईपर्यंत गाड्यांची हिशोबाची वही काकूंच्याच हातात होती. त्यामुळे ट्रकचा विषय निघाला की चहा गार होतो.

"पाहिला की," मी म्हटलं. "गॅरेजमध्ये मावत नाही म्हणून बाहेरच उभा असतो. न पाहून जाता कुठे?"

"मी आत बसून आले. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. चामड्याच्या सीटा, छताला काच, दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी. सगळं आहे. फक्त ज्यासाठी घेतला तेवढं होत नाही."

"म्हणजे?"

"अगं, कॅम्पर ठेवायचा होता ना त्यांना! आधी ट्रक घेतला, मग कॅम्पर बघायला गेले. तिथल्या माणसानं ट्रकचं दार उघडलं, चौकटीवरचं लेबल वाचलं आणि म्हणाला, सर, यावर हा नाही चालायचा."

मला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर यायच्या आत विरलं. कारण हेच खूळ आमच्याही घरात शिरलं होतं. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची ही खोली: आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, आणि पलंगाचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर आलेला. मागे ट्रेलर ओढायला नको, वळवायची धास्ती नको. आमच्या ह्यांनी स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' वाचलं तेव्हापासून हे सुरू झालं. १९६० साली तो लेखक जीएमसीच्या पिकअपवर असाच कॅम्पर चढवून कुत्र्यासोबत अमेरिका बघायला निघाला होता. गाडीचं नाव रोसिनांते, डॉन किहोतेच्या घोड्यावरून. कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक संग्रहालयात ती गाडी अजून बघायला मिळते.

"त्याचा टायर फुटला असेल," काकू म्हणाल्या.

मी चाट पडले. "तुम्ही वाचलंय?"

"वाचायला कशाला पाहिजे? लेखक माणूस, पुस्तकं, दारू, खाणं, सगळं भरून निघाला असणार. मागचं चाक बोलणारच."

आणि खरंच, ओरेगॉनमध्ये पावसाच्या एका रविवारी त्याचा टायर फुटतो. चिखलात झोपून बदलतो बिचारा. मग एक गॅरेजवाला सुट्टीच्या दिवशी खटपट करून त्याला पेलतील असे भारी टायर मिळवून देतो. आमच्या ह्यांना त्या पुस्तकातलं कुत्रं लक्षात राहिलं. काकूंनी न वाचता टायर ओळखला.

"तुझा नवरा काय बघतोय मग?"

"थ्री-क्वार्टर टन म्हणतात तो. म्हणजे पाऊण टन. डिझेल. वीस हजार पौंड ओढतो, असं शोरूममधला माणूस म्हणाला."

"ओढतो!" काकूंनी कपाळावर हात मारला. "ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, त्याचं बहुतेक वजन तीच घेतात. कॅम्पर बसतो गाडीच्या पाठीवर. त्याचं सगळं ओझं हौद्यावर, पाट्यांवर, मागच्या टायरांवर. विकणारा ओढण्याचा आकडा सांगतो, कारण तो मोठा असतो. तू वाहण्याचा विचार. आणि ते पाऊण टन, अर्धा टन ही सगळी जुनी नावं आहेत. कुठल्या तरी काळी तेवढं वाहायचे. आता अर्ध्या टनाचा म्हणतात तो एफ-१५० किंवा रॅम १५०० सुद्धा पाऊण टनाच्या आसपास वाहतो. नावावर जायचं नाही."

"मग कशावर जायचं?"

"आधी कॅम्पर ठरव. मग त्याला साजेसा ट्रक शोध. डॉक्टरांनी उलटं केलं. घे कागद."

कागद म्हणजे घरमालक संघाचं पाकीट होतं, त्या दिवशीच आलेलं. या संघाच्या पत्रांबद्दल आमचं स्वतंत्र गप्पाष्टक होईल. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, गवत वाढलंय, आणि हो, कॅम्पर घरासमोर उभा करायचा नाही. फार तर सामान भरायला-उतरवायला एखादा दिवस. तो विषय पुढे येईलच.

"तुमचा कॅम्पर केवढ्याचा?"

"किमतीनं?"

"वजनानं गं!"

"माहितीपत्रकात २,६०० पौंड लिहिलंय."

"ते रिकाम्याचं. कारखान्यातून निघाला तेव्हाचं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, तुझा कुकर नाही. लिही. पाण्याची टाकी किती?"

"तीस गॅलन."

"गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त धर. झाले अडीचशे. गॅसच्या दोन टाक्या, भरलेल्या, पंचाहत्तर. बॅटरी साठ. वरती एसी बसवणार, की टेक्सासात उन्हाळ्यात खिडकी उघडून झोपणार?"

"बसवणार."

"शंभर. आता भांडी, अंथरुणं, कपडे, खाणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली. पाचशे धर, आणि तेही तू मराठी आहेस म्हणून कमीच धरतेय. बेरीज?"

"३,५८५."

"आता तुम्ही चौघं. पाचशे. किती झाले?"

"४,०८५ पौंड." माझा आवाज जरा खाली आला. किलोत मांडलं तर साडेअठराशेच्या वर.

"आता ट्रकच्या दाराशी जा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, असं लिहिलेलं. तो आकडा त्या एकाच गाडीचा. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच रंगाच्या, त्याच नावाच्या गाडीवर दुसरा आकडा असतो."

"असं कसं?"

"कारण कंपनीनं गाडीचं एकूण वजन, भरलेल्याचं, ठरवून दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुझं. छताची काच, मोठं केबिन, चारी चाकांचा जोर, सगळं त्या उरलेल्यातून जातं. आणि डिझेलचं इंजिन तर पेट्रोलपेक्षा कितीतरी जड. पाऊण टनाच्या बऱ्याच गाड्या कागदावर बरोब्बर दहा हजार पौंडांना थांबवलेल्या असतात, वरच्या वर्गात जाऊ नयेत म्हणून. मग जड इंजिन घातलं की वाहायची ताकद घटते. इंजिन तगडं, पण गाडी कमी वाहते. डॉक्टरांच्या दारावर किती होतं ठाऊक आहे? अडीच हजारसुद्धा नाही!"

आमच्या ह्यांनी पसंत केलेली गाडी हुबेहूब डॉक्टरांच्यासारखी. तो आकडा मी पाकिटावर लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. कुंपणापलीकडून काकू उलटा वाचत होत्या.

"मग एअरबॅगा लावता येतात म्हणे," मी एक दुबळा प्रयत्न केला. "मागच्या पाट्यांजवळ. गाडी बसत नाही त्यांनी."

"गाडी बसत नाही, डुलतही कमी. लावाव्यातच. पण दारावरचा आकडा त्यानं वाढत नाही. पाटे उचलले म्हणून ब्रेक, धुरा, चाकं मोठी होतात का?" क्षणभर थांबून म्हणाल्या, "आबांच्या ड्रायव्हरला हेच वाटायचं. एक पाटा वाढवला की वीस पोती जास्त. मग शिरोलीच्या नाक्यावर धुरा तुटून गाडी आडवी."

मग टायर निघाले. टायर म्हणजे काकूंचं माहेर.

"कॅम्परचं वजन जवळजवळ सगळं मागच्या धुऱ्यावर येतं," त्या म्हणाल्या. "पाऊण टनाच्या पेट्रोल गाडीच्या रिकाम्या मागच्या धुऱ्यावर समज ३,१०० पौंड असतात. त्यात तुझा भरलेला कॅम्पर घाल."

"६,६८५."

"आता टायर वाच. साध्या मॉडेलवर येतो एलटी २४५/७५ आर १७, लोड रेंज ई. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा. मोटारीचा टायर इथे चालत नाही, त्याची ताकद ट्रकवर लावताना कमीच धरतात. या ई टायरला ८० पौंड हवा भरली तर एक चाक ३,१९५ पौंड उचलतं. दोन चाकं?"

"६,३९०." मी पाकिटाकडे बघत राहिले. "म्हणजे कमी पडतं!"

"तीनशे पौंडांनी. आणि ते बसतात कशात, ठाऊक आहे? कशातच नाही. टायर तापतो, आतले थर सुटतात, आणि चाळीस-पन्नास मैलांनी मोकळ्या रस्त्यावर धाडकन. आता एलटी २७५/७० आर १८ बघ. तोही ई, हवाही ८०. पण एक चाक ३,६४० घेतं. दोन मिळून ७,२८०. तिथे तुला श्वास घ्यायला जागा आहे. पण रिमची ताकदही तेवढी पाहिजे, ती रिमवर कोरलेली असते, आणि दारावर मागच्या धुऱ्याची मर्यादाही वेगळी लिहिलेली असते. तिघांत जो लहान आकडा, तोच खरा."

"डॉक्टरांनी टायर बदलून घेतलेत ना? ते अगदी उंच, नक्षीवाले?"

काकूंचे डोळे चमकले. याच प्रश्नाची त्या वाट बघत होत्या.

"पस्तीस इंची! चिखलात चालायचे. डॉक्टर चिखलात कधी गेलेत? दवाखान्यातून गोल्फला. तर ते ३५ बाय साडेबारा, वीस इंची रिमवरचे, लोड रेंज ई. दिसायला राक्षस. उचलतात किती? ३,१९५. त्यातही ६५ पौंडांच्या वर हवा भरायची नाही. म्हणजे साध्या गाडीवर फुकट येणाऱ्या सतरा इंचीएवढंच. शोरूमनं दिलेले चांगले टायर काढले, वर पैसे मोजले. डॉक्टरीणबाईंना मी बोलले नाही काही. चहा चांगला केला होता त्यांनी."

मी पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. टायरच्या बाबतीत त्या हसत नाहीत.

"आणि टायरचं वय बघ. बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर गोदामात म्हातारा झालेला असू शकतो. रबर कोवळं पाहिजे. टेक्सासच्या उन्हात तर पाहिजेच पाहिजे. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा, २००० साली, फायरस्टोनचे पासष्ट लाख टायर परत मागवले होते. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्या उलटत होत्या. जास्त करून इकडे दक्षिणेतच, टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना. कमी हवा, जास्त वजन, कडक ऊन आणि सत्तरच्या वरचा वेग. त्यानंतर काँग्रेसनं कायदा केला, म्हणून तर आता हवा कमी झाली की गाडीत दिवा लागतो."

"मग तो दिवा आहेच की."

"दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाड्यांना सक्ती आहे. त्याच्या वर नाही. कंपनी देते कधी, कधी नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सक्ती नाही. म्हणून रोज सकाळी, टायर थंड असताना, काटा लावून हवा बघायची. गरम टायरची हवा मोजून कमी करायची नाही. तापल्यावर ती वाढतेच, वाढू दे."

एव्हाना पाकीट भरत आलं होतं. मी म्हटलं, "मग सरळ मागे जोडचाकांचा घ्यावा. सहा टायरवाला. भानगडच नको."

"घ्यावा. मोठा, बाहेर सरकणाऱ्या भिंतींचा कॅम्पर असेल तर तोच घ्यावा. एलटी २३५/८० आर १७ चे मागे चार, जोडीत प्रत्येकी २,८३५ पौंड. चौघांचे झाले अकरा हजारांच्या वर. वाऱ्यात डुलत नाही, एक फुटला तरी दुसरा धरून ठेवतो. अमारिलोच्या बाजूला वारा सुटतो तेव्हा ही चाकं आशीर्वाद देतात. पण मागून आठ फूट रुंद. बँकेच्या खिडकीशी जाता येत नाही, गाडी धुवायच्या दुकानात घेत नाहीत, बर्गर घ्यायला उतरून चालत जा. आतल्या चाकाची हवा बघायची म्हणजे हात काळे. जोडीच्या मध्ये दगड अडकला तर तो काढत बसा. आणि कॅम्परच्या पुढच्या दोन जॅकांना बाहेर सरकवणारे ब्रॅकेट लावावे लागतात, नाहीतर चाकांना अडतात."

"आणि एफ-४५०?"

"त्याला साडेएकोणीस इंची टायर. खऱ्या मालगाडीचे. टिकतात, पेलतात. पण त्यातल्या काहींची वेगमर्यादाच ताशी ७५ मैल. ऑस्टिनच्या पुढच्या त्या ८५ मैलांच्या टोल रस्त्यावर जाऊन नवऱ्यानं हौस भागवली तर टायरनं काय करायचं? आणि बसणाऱ्यांचं कंबरडं मोडतं. तुम्ही चौघं आणि २,६०० पौंडांचा कॅम्पर. तुम्हाला एक टनी पेट्रोल गाडी, मागे एकेरी चाकं, पुरेल. फक्त हौदा आठ फुटी घ्या."

"हे म्हणतात साडेसहा फुटी घेऊ, पार्किंगला बरं."

"कॅम्पर किती फुटी हौद्याचा आहे?"

"आठ."

"मग झालं!" काकू निखळलेल्या फळीच्या फटीतून पुढे वाकल्या. "ऊस भरताना मोळ्या मागे जास्त रचल्या की बैलगाडी उलाळते. जू वर, बैलाच्या मानेला फास. तसंच हे. कॅम्परच्या बाजूला कंपनीनं खूण केलेली असते, भारमध्य तिथे आहे म्हणून. ती खूण मागच्या धुऱ्यावर किंवा थोडी पुढे पडली पाहिजे. मागे पडली की पुढची चाकं हलकी. स्टिअरिंग नुसतं फिरतं, गाडी वळत नाही. ट्रकसोबतच्या कॅम्परच्या कागदात ती जागा आखून दिलेली असते. तो कागद कुणी वाचत नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतो. तुझ्या नवऱ्याला आधी तो वाचायला लाव."

मी मान डोलावली. आम्हाला बिग बेंडच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं, त्याआधी पालो डुरोच्या दरीत उतरायचं हा माझा हट्ट. तिथला उतार शंभर फुटांत दहा फुटांचा. पुढची चाकं हलकी ठेवून त्या वळणांवर उतरण्याची कल्पना मी केली आणि मनातल्या मनात साडेसहा फुटी हौदा बाद केला.

"हे सगळं आकड्यांत झालं," मी म्हटलं. "पण माहितीपत्रक खोटं बोलत असेल तर?"

"खोटं नाही बोलत, अर्धं बोलतं. म्हणून काटा. आबा म्हणायचे, ड्रायव्हर बोलतो, काटा सांगतो. साखर कारखान्यात भरलेली गाडी काट्यावर, उतरवून रिकामी काट्यावर, फरक तो ऊस. इथे हायवेवर ट्रकवाल्यांच्या थांब्यावर कॅट स्केल असतो. लव्ह्जला, पायलटला बघ. तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या. बटण दाबायचं, आत बसलेली बाई विचारते, चिठ्ठी देते. थोड्याच डॉलरचं काम. आधी रिकामा ट्रक, टाकी भरून, तुम्ही चौघं आत बसून. मग कॅम्पर चढवून, पाणी-गॅस-सामान सगळं भरून. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेव. पुढच्या धुऱ्याचा आकडा घटलाय का, मागचा दारावरच्या मर्यादेच्या आत आहे का, एवढं बघ. मग तुला ना शोरूमचं ऐकायला लागत, ना माझं."

"आणि बक-ईज?" मुलांचं दैवत असलेला पेट्रोल पंप तो. तिथल्या स्वच्छतागृहांसाठी आम्ही वाट वाकडी करतो.

"तिथे काटा नाही. अठरा चाकी गाड्यांना तर फाटकातच मनाई. पेट्रोल भरा, ब्रिस्केट खा, आणि काट्यासाठी दुसरीकडे जा."

रविवारी हे ट्रक बघून आले. मी पाकीट सोबत दिलं होतं. एक टनी, पेट्रोल, आठ फुटी हौदा, पांढरा, अजिबात चकचकीत नाही. अठरा इंची टायर, एक चाक ३,६४० चं. दारावरचा आकडा ४,२६०. शोरूममधला माणूस पुन्हापुन्हा डिझेलकडे नेत होता आणि हे पुन्हापुन्हा दार उघडून लेबल वाचत होते. शेवटी त्यानं विचारलं म्हणे, तुमचा ट्रकचा धंदा आहे का?

मी धावत कुंपणाशी. काकू मिरच्यांच्या वाफ्यात होत्या.

"४,२६० मिळाला!"

"तुमची बेरीज ४,०८५. म्हणजे उरले पावणेदोनशे." त्यांनी क्षणात सांगितलं. हात मातीत, वही डोक्यात. "कॅम्पर कुठे ठेवणार? संघाचं पत्र येईल."

"हायवेजवळच्या गोदामात जागा घेतली. डॉक्टरांच्याच शेजारी. त्यांनी हलका, छप्पर खाली बसणारा कॅम्पर घ्यायचं ठरवलंय. साधारण हजार पौंडांचा, असाच ट्रकवर बसेल."

"हां, आता शहाणे झाले. टायर बदलले का?"

"नाही."

"बदलतील. बिग बेंडला कधी?"

"ऑक्टोबरच्या शेवटी. नवरात्र, मंडळाची कोजागरी सगळं आटपून."

"बरं," काकू उभ्या राहिल्या, हात झटकले. "मग मला त्या पावणेदोनशेत धर."

मी बघतच राहिले. "तुम्ही येणार?"

"का? ट्रकमध्ये वाढलेय मी. ड्रायव्हरशेजारी बसेन, रोज सकाळी हवा बघेन."

"काकू, तुमचं वजन..."

"विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "काट्यावर चढताना मला आत बसव. चिठ्ठीत आपोआप येईल, आणि तुला वेगळं सांगायला लागणार नाही. जास्त झालंच तर नवऱ्याचे गोल्फचे दांडे उतरव."